पोचल्याचा फोन

आपल्याकडे कुणी गावाला निघालं की दारातलं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : “पोचल्यावर फोन कर.” नंदुरबार स्टेशनवर मुलाला सुरतच्या गाडीत बसवून द्यायला आलेली आई हेच म्हणते, आणि मुंबईच्या विमानतळावर काचेच्या दाराबाहेर उभा राहिलेला बापही हेच म्हणतो. पूर्वी या जागी खुशालीचं कार्ड होतं, पंधरा पैशांचं. ते आठ दिवसांनी आलं तरी घर निर्धास्त व्हायचं. आता घराला आठ मिनिटंही दम निघत नाही. विमान उतरायची वेळ आधीच विचारून ठेवलेली असते, आणि ती टळली की आईचं लक्ष चुलीवरून उडतं. अहिराणीत ती एवढंच विचारणार असते, “पोचना का रे भाऊ?” एवढ्याशा प्रश्नाला परदेशातून उत्तर देता येईल असा फोन कसा निवडावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

विषय लहान वाटतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. पासपोर्टची धावपळ महिनाभर चालते, व्हिसाचे कागद दहा वेळा तपासले जातात, लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून तिला तीन पिशव्या घातल्या जातात. फोन मात्र निघायच्या आठवड्यात घेतला जातो, आणि घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा व बॅटरी किती हजारांची एवढंच पाहिलं जातं. परदेशात चालेल का असं विचारलंच, तर उत्तर मिळतं, “चालेल ना, ५जी आहे.” हे उत्तर खोटं नसतं, पण अपुरं असतं. कोणत्या देशात, कोणत्या कंपनीच्या सिमवर, बोलण्यासाठी की फक्त इंटरनेटसाठी, हे ठरल्याशिवाय ‘चालेल’ या शब्दाला काही अर्थ नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांत अजूनही पोरं रेंजसाठी टेकडी चढतात. अशा जिल्ह्यात परदेशी न्यायच्या फोनवर पुस्तिका कशाला, असं कुणी विचारील. पण परदेशी निघणाऱ्यांत आता आपल्या जिल्ह्यातली माणसंही आहेत. हज आणि उमराहला जाणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. डॉक्टर व्हायला रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तानची वाट धरणारी मुलं आहेत. आदिवासी विकास विभागाच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरणारी मुलं-मुली आहेत. सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत, इंग्लंडात जाऊन सहा महिने राहणारे आईवडील आहेत. यांतल्या बहुतेकांच्या घरातलं ते पहिलंच विमान असतं. घरात आधी कुणी जाऊन आलेलं असेल तर सल्ला घरातच मिळतो. ज्यांच्या घरात कुणी गेलेलं नाही, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे.

खरं तर रोमिंग हा शब्द आपल्या जिल्ह्याने रेल्वेच्या फलाटावर शिकून घेतला. नवापूर स्टेशनच्या मधून महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत, आणि फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग या राज्यात तर अर्धा त्या राज्यात. मोबाइलच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन वेगळी सर्कल, आणि नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशचं तिसरं. जुन्या दिवसांत हद्दीवरच्या गावांत बसल्या जागी फोन कधी इकडचा टॉवर धरायचा, कधी तिकडचा. तिकडचा धरला की स्क्रीनवर ‘रोमिंग’ उमटायचं, आणि आलेला फोन घेतला तरी बॅलन्स कापला जायचा. म्हणून हद्दीवरची माणसं घंटी वाजली की आधी स्क्रीनवरचं नाव बघायची, मग हिरवं बटण दाबायची. देशातल्या देशातलं हे शुल्क २०१७च्या सुमारास गेलं. पण त्यातून शिकलेली गोष्ट परदेशात तशीच्या तशी लागू पडते : हद्द ओलांडली की आपला फोन पाहुणा होतो, आणि पाहुण्याचं चालणं यजमानावर असतं.

वैष्णोदेवीला किंवा अमरनाथला जाऊन आलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. फोन चांगला, टॉवर समोर उभा, पण सिमला आत यायची परवानगी नाही. हे दोन्ही अनुभव एकत्र ठेवले की परदेशातल्या फोनची दुखणी नीट लावता येतात. एक तर फोनला तिथल्या टॉवरशी बोलता येत नाही. किंवा फोनला विकणाऱ्या कंपनीचं कुलूप असतं. किंवा फोन ठीक असतो, पण सिमची तयारी झालेली नसते. पुस्तिकेचे तीन भाग यावरूनच पाडले आहेत.

पहिल्या दुखण्याचा अनुभव मी स्वतः घेतला. आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं, रेडिओलहरींचा धडा कितीतरी वर्षं घेतला, आणि तरीही चुकलो. २०२२च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला गेलो. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला, इथे उत्तम चालणारा ४जी फोन होता. मुलीने तिथलं सिम आधीच पाठवून ठेवलं होतं. विमानतळावर उतरल्यावर ते टाकलं. स्क्रीनवर रेंजच्या चार दांड्या आल्या, शेजारी ४जी दिसलं. मुलीचा नंबर लावला. फोन दोन-तीन सेकंद गप्प राहायचा आणि कॉल तुटायचा. सात-आठ वेळा हेच झालं. ही सामानाची गाडी धरून उभी, मधुमेहाच्या गोळीची वेळ टळलेली, आणि सभोवती एकही ओळखीचा चेहरा नाही. शेवटी तिथे साफसफाई करणाऱ्या एका बाईंनी आमची तारांबळ पाहून स्वतःचा फोन पुढे केला. मुलगी दुसऱ्या दाराशी पाऊण तास उभी होती. इंटरनेट तेवढं चालू होतं, व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागला असता, पण त्या घालमेलीत ते सुचलं नाही.

त्या चार दांड्यांचं कोडं मुलीच्या घरी उलगडलं. ४जी मुळात इंटरनेटसाठी आलं. सुरुवातीला ४जी फोनवरून कॉल लावला की फोन तेवढ्यापुरता खाली, ३जी किंवा २जीवर उतरायचा, आणि बोलणं संपलं की परत वर जायचा. पुढे ४जीवरूनच आवाज नेण्याची सोय आली, तिला व्होल्टे म्हणतात. आपल्याकडे सप्टेंबर २०१६मध्ये जिओ फक्त ४जी घेऊन आलं, त्यामुळे ४जी म्हणजे बोलणं आलंच अशी आपली समजूत झाली. पण व्होल्टेची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते. माझ्या फोनला भारतातल्या कंपन्यांची व्होल्टे येत होती, तिथल्या कंपनीची येत नव्हती. म्हणून तो प्रत्येक कॉलला खाली उतरू पाहत होता, आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये ३जी बंद करायला घेतलं होतं. उतरायला पायरीच उरली नव्हती. दांड्या खऱ्या होत्या, ४जी खरं होतं, फक्त आवाजाची वाट बंद होती.

ही गोष्ट एकट्या अमेरिकेची नाही. सिंगापूरने २०१७मध्ये २जी आणि २०२४मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस ३जी थांबलं, आणि ४जीवरून आपत्कालीन कॉल लावता न येणारे फोन तिथल्या कंपन्यांना जाळ्याबाहेर ठेवावे लागतात. जपानमध्ये आपल्यासारखं २जी कधी आलंच नव्हतं. उलट जर्मनीने २०२१मध्ये ३जी बंद केलं, पण २जी चालू ठेवलं. म्हणजे आजीचा बटणांचा साधा फोन जर्मनीत बोलेल, पण सिंगापुरात आणि ऑस्ट्रेलियात मुका होईल. जुना फोन ‘तिकडे चालतो’ असं पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाने सांगितलं, तर तो तेव्हाचं खरं सांगत असतो. आजचं वेगळं विचारून घ्यावं लागतं. पहिल्या भागात याच क्रमाने देश घेतले आहेत.

त्याच भागात बँडची ओळख आहे. बँड हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. जळगाव आकाशवाणी ऐकायची तर रेडिओचा काटा तिच्या जागेवर न्यावा लागतो, आणि तो काटा तिथवर जातच नसेल तर रेडिओ कितीही महाग असो, जळगाव लागणार नाही. फोनचंही तसंच. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून देशातल्या मोबाइल सेवेची सुरुवात केली. त्या काळात हिशेब सोपा होता. आपल्याकडे, युरोपात आणि आखातात ९०० व १८०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेकडे ८५० व १९००. चारही असलेला क्वाड-बँड फोन घेतला की जवळजवळ जग फिरून येता यायचं. ४जी आल्यावर बँडची संख्या डझनावारी वाढली आणि प्रत्येकाला क्रमांक पडला. १८०० मेगाहर्ट्झचा बँड ३ आपल्याकडेही आहे आणि आशिया, आखात, युरोप यांच्या मोठ्या भागातही, म्हणून तिकडे आपला फोन सहसा अडत नाही. युरोपात त्याच्या जोडीला ७ आणि २० हवेत. अमेरिकेची मांडणी निराळी : २, ४, ६६, आणि लांब पल्ल्यासाठी १२, १३, ७१. हे शेवटचे तीन नसलेला फोन शहरात चालतो, शहर मागे पडलं की रेंज सोडतो, कारण कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही आत येते. ५जीमध्ये भारत आणि युरोप यांचा मोठा सामाईक बँड एन७८, तर अमेरिकेत एन४१, एन७१, एन७७ यांच्यावर भर.

हे क्रमांक पाठ करायचे नाहीत. माझ्या ओसरीवर फोनचा खोका घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडून मी एकच काम करून घेतो, ते इथे सांगतो. खोक्याच्या बाजूला पांढरी चिठ्ठी असते. तिच्यावर फोनच्या नावाखाली लहान अक्षरांत मॉडेल नंबर असतो. तोच सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली दिसतो. तो कागदावर उतरवायचा, शेवटच्या अक्षरासकट. एकाच नावाचा फोन भारतात, युरोपात आणि अमेरिकेत वेगवेगळ्या बँडचा विकला जातो, आणि फरक बहुधा शेवटच्या एक-दोन अक्षरांतच असतो. मग फोन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नंबरचे बँड पाहून कागदाच्या वरच्या ओळीत लिहायचे. जिथे जायचं तिथल्या दोन-तीन कंपन्यांचे बँड खालच्या ओळीत. दोन्हीकडे असलेल्या आकड्यांना गोल करायचा. तीन-चार गोल झाले तर फोन न्यायला हरकत नाही. एकच झाला तर दुसरा फोन बघायचा, किंवा दुसऱ्या कंपनीचं सिम. गेल्या वर्षी एका मुलाने हे सगळं वहीच्या पाठकोऱ्या पानावर केलं आणि नवा फोन घेण्याचा बेतच रद्द केला. त्याच्या जुन्या फोनला पाच गोल आले होते. त्या पैशांतून त्याने थंडीचा चांगला कोट घेतला.

दुसरा भाग कुलपांचा. अमेरिकेहून आलेला भाचा मामासाठी फोन आणतो. फोन महागाचा, खोका सीलबंद, आणि इथलं सिम टाकलं की स्क्रीनवर येतं की हे सिम चालणार नाही. तिकडे हप्त्यावर घेतलेले फोन पैसे फिटेपर्यंत त्याच कंपनीला बांधलेले असतात. पैसे फेडून, कंपनीकडून कुलूप काढून मगच तो फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. आपल्याकडेही एका कंपनीलाच बांधलेले स्वस्त फोन विकले गेले आहेत, आणि असा फोन परदेशी नेऊन तिथलं सिम टाकता येत नाही. जाण्याच्या आधीची परीक्षा घरात होते : शेजाऱ्याकडून दुसऱ्या कंपनीचं सिम मागून आणा, टाका, एक कॉल लावा. लागला तर कुलूप नाही.

आयफोनची एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४पासून पुढच्या फोनांना सिम घालायची फटच नाही. त्यात फक्त ई-सिम चालतं, म्हणजे फोनच्या आत बसवलेली चिप, जिच्यात कंपनी आपला नंबर इंटरनेटवरून भरते. असा फोन भेट आला तर आपलं सिम आधी ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि हे काम जवळ साधा फोन असतानाच उरकायचं. उलट चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनांत बराच काळ ई-सिमऐवजी दोन साधी सिमं बसायची.

जुना फोन विकत घ्यायचा असेल तर *#०६# दाबून त्याचा आयएमईआय नंबर पाहा, आणि केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथे कळतं. काही देश बाहेरून आलेल्या फोनवरही नजर ठेवतात. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर ठरावीक दिवसांपलीकडे वापरायचा तर नोंदणी आणि कर भरावा लागतो. आठ दिवसांच्या पाहुण्याला याची झळ नाही. शिकायला जाणाऱ्याने मात्र हे आधी पाहून ठेवावं.

तिसरा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फोनच्या निवडीशी थेट बांधलेला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या दिवशी तो एक कागद होता. आज त्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे, मोबाइल नंबरला बँक, बँकेला यूपीआय, शिष्यवृत्तीचं खातं, पेन्शन, जमिनीचा ऑनलाइन उतारा. या सगळ्यांची किल्ली एकच, सिमवर येणारा सहा आकडी ओटीपी. परदेशी गेलेल्या मुलाने विमानतळावर भारतीय सिम काढून पाकिटात ठेवलं, की ती किल्ली पाकिटात बंद. शिष्यवृत्तीच्या अर्जात दुरुस्ती करायची, ओटीपी लागतो. बँकेचा पासवर्ड विसरला, ओटीपी लागतो. आणि सिम नुसतं ठेवूनही चालत नाही. दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि आपल्या बँकेचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या खिशात जाऊन पडतो.

म्हणून परदेशी न्यायच्या फोनची माझी पहिली अट कॅमेऱ्याची नाही, दोन सिमची आहे. एका जागी आपला भारतीय नंबर, जागा, रिचार्ज मारलेला, आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच चालू करून घेतलेला, पण त्याचा डेटा बंद. दुसऱ्या जागी तिथलं सिम किंवा ई-सिम, त्यावर इंटरनेट आणि बोलणं. भारतीय नंबरवर आलेला एसएमएस घ्यायला सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे ओटीपी येत राहतात. डेटा मात्र चुकून चालू राहिला तर फोटो आपोआप चढत राहतात आणि बिल घरच्यांना भरावं लागतं. हे डेटा-रोमिंगचं बटण कुठे आहे, ते निघायच्या आधी स्वतःच्या हाताने एकदा बंद करून पाहा. सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया अशा काही देशांतल्या नंबरवरून अनिवासी खात्याला यूपीआय जोडण्याची सोय २०२३पासून आहे. लांब राहणाऱ्यांनी तिचा विचार करावा, पण भारतीय नंबर सोडायची घाई करू नये.

कोणी कोणता फोन घ्यावा, याचं एकच उत्तर नाही. हजला जाणाऱ्या ज्येष्ठाला मोठी अक्षरं, मोठा आवाज आणि दिवसभर टिकणारी बॅटरी हवी. तिथे गर्दी लाखांची असते. सोबती हातातून सुटला तर तो कुठे आहे हे नकाशावर दिसणं हीच फोनची किंमत. २०२४च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला होता, आणि अशा उन्हात फोन तापून स्वतःहून मंदावतो. तो खिशात न ठेवता सावलीच्या पिशवीत ठेवायचा. तिथलं सिम घेताना पासपोर्टबरोबर बोटांचे ठसे लागतात. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे रेशनच्या मशीनवर उमटायला किती वेळ लागतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून त्या रांगेत घाई न करता, बोटं पुसून बसावं.

डॉक्टरकी शिकायला जाणाऱ्या मुलाला कडाक्याची थंडी आणि सहा वर्षांचा मुक्काम. थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे धरून चालावं. त्याने निघताना फार महागाचा फोन घेऊ नये. दोन सिमचा, बँड जुळणारा, सॉफ्टवेअर चार-पाच वर्षं मिळणारा मध्यम फोन पुरे. रशियाने ऑगस्ट २०२५मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या कॉलना बंधनं घातली. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर जातो, कॉल लागत नाही. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल दोन्ही बंद असतात. तेव्हा घरच्यांशी बोलायची दुसरी वाट कोणती, हे आईच्या फोनवरही निघण्याआधी बसवून, एकदा बोलून पाहावं. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा खारकीव्हच्या तळघरांत आणि मेट्रो स्टेशनांत अडकलेल्या भारतीय मुलांच्या हातात फोनच होता. बस कुठून निघते, सीमेवर कोणाला भेटायचं, हे निरोप त्यावर येत होते, आणि मुलं बॅटरी वाचवण्यासाठी घरी मोजून दोन वाक्यं बोलत होती. त्या दिवसांत टीव्हीसमोर बसलेल्या आईबापांना आठवलं, की फोनची निवड चैनीचा प्रश्न आहे असं म्हणवत नाही.

मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना माझं सांगणं आहे की हातातला, सवयीचा फोनच चालतो का ते आधी पाहा. साठीनंतर नव्या फोनची बटणं परक्या देशात शिकणं अवघड जातं. नवा घ्यायचाच असेल तर निघण्याच्या दोन महिने आधी घ्या, आणि इथेच वापरून हातात मुरू द्या.

शेवटचं प्रकरण किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचं आहे, पण रडवतात त्याच. सौदी, अमिराती, इंग्लंड, सिंगापूर इथली पिन तीन चौकोनी दांड्यांची, युरोपात दोन गोल, अमेरिका आणि जपानमध्ये दोन चपट्या. चार्जरवर ‘१००-२४०’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल तर तो सगळीकडे चालतो, फक्त वरची पिन बदलायची. पॉवर बँक कधीही चेक-इन सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची. वीस हजार एमएएचची बहुधा ७४ वॉट-तासांची असते आणि विनापरवाना मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, म्हणून ती चालते. आणीबाणीचा नंबर भारतात आणि युरोपात ११२, अमेरिकेत ९११.

एक कबुली द्यायला हवी. या पुस्तिकेतले बँड, दर आणि नियम बदलत राहतील. काही तर छापून होईपर्यंत बदलतील. म्हणून मी याद्यांपेक्षा तपासण्याची रीत सांगण्यावर भर दिला आहे. यादी जुनी होते, रीत होत नाही. मॉडेल नंबर पाहणं, दुसऱ्याचं सिम टाकून बघणं, व्होल्टेबद्दल तिथल्या कंपनीला नेमका प्रश्न विचारणं, आपला नंबर जागा ठेवणं, या चार गोष्टी दहा वर्षांनीही कामाला येतील. हे सगळं मराठीत लिहिण्याचा आग्रह याचसाठी की फोनविषयीची माहिती इंग्रजीत भरपूर आहे, पण ज्याला ती सगळ्यांत जास्त लागते तो माणूस इंग्रजीतल्या बारीक अक्षरांपाशी थांबतो. धडगावच्या मुलीला आणि नवापूरच्या आजोबांना ती ओसरीवर बसून, आपल्या भाषेत मिळाली पाहिजे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. निघण्याच्या सात दिवस आधी फोन समोर घेऊन बसा. या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या दहा ओळी एकेक करून तपासा आणि शेजारी खूण करा. मग एक कोरा कागद घ्या. त्यावर घरचे दोन नंबर, जिथे उतरायचं तिथल्या माणसाचा नंबर आणि पत्ता मोठ्या अक्षरांत लिहा, देशाच्या कोडसकट, घरच्या नंबरांपुढे अधिक ९१. तो कागद पासपोर्टमध्ये ठेवा. फोन चांगला निवडला असेल तर त्या कागदाची गरज पडणार नाही. पण फोन पडला, हरवला, बंद पडला, तरी कुणाच्या तरी हातातला फोन मागून घेता येतो, आणि नंबर ठाऊक असला की घरी एवढं सांगता येतं : पोचलो.